आक्काचा गुडघा आणि कापण्याआधीचं माप



महावीर जयंतीला सकाळी आमची आक्का मंदिरात खाली बसली. चटईवर, सगळ्यांसारखी. मुनिश्रींना नमोस्तु करताना गवासनात वाकली आणि एक हात जमिनीला टेकून उठली. गेली तीन वर्षं ती दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, त्यामुळे बायकांचं लक्ष प्रवचनापेक्षा तिच्याकडेच जास्त होतं. बाहेर आल्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली. कुणी म्हणालं, गुडघा प्लास्टिकचा बसवलाय. कुणी म्हणालं, मशीनमध्ये नवीन हाड छापून घातलंय. एका काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, कुठल्या जनावराचं नाही ना घातलं?"

प्रश्न चुकीचे नव्हते, माहिती चुकीची होती. म्हणून आज हे लिहायला बसले. आणि नुसती माहिती सांगून थांबणार नाही, माझं मतही सांगणार आहे.

आधी थोडं मागे जाते. आमच्या आईचे गुडघे मी लहानपणापासून दुखताना पाहिले. चौका, आहारदान, दळणकांडण, पाणी भरणं, सगळं उकिडवं बसून किंवा उभ्यानं. पाय हळूहळू फेंगडे होत गेले, चाल डुलायला लागली. विचारलं की म्हणायची, "असाता कर्माचा उदय आहे, भोगायचा." अडुसष्टाव्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले. ऑपरेशन चांगलं झालं, दुखणं गेलं, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच. पण गुडघे पूर्ण दुमडून जमिनीवर बसायला त्यांनी मनाई केली. उरलेली वर्षं ती खुर्चीवरूनच पूजा पाहत राहिली. श्रवणबेळगोळला पुन्हा जायचं होतं, विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या चढायच्या होत्या. ते राहून गेलं.

आक्काचं तेच सुरू झालं तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. डावा गुडघा, आतल्या बाजूला ठणका, जिना उतरताना जास्त. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, "गादी झिजली आहे. साठीपर्यंत गोळ्या घ्या, मग गुडघा बदलू." दोन मिनिटांत काम संपलं. आक्का घरी आली, गोळ्या घेऊ लागली, गोळ्यांनी पोट बिघडलं. दोन वर्षं अशीच गेली. त्या दोन वर्षांचा मला आजही राग येतो. मधे काही मार्ग असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मार्ग होता. त्याला हाय टिबिअल ऑस्टिओटॉमी म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. आपण उभं राहिलो की अंगाचा भार खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एका सरळ रेषेत उतरतो. पाय सरळ असेल तर ही रेषा गुडघ्याच्या मध्याच्या आसपास जाते. पाय धनुकलीसारखा बाहेर वाकला असेल तर रेषा आतल्या बाजूला सरकते. मग सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर पडतो, तिथली कूर्चा झिजते, झिजली की पाय आणखी वाकतो, वाकला की आणखी झिजते. बाहेरचा अर्धा भाग मात्र बरेचदा नव्यासारखा असतो. चप्पल एकाच कडेला झिजावी, तसं.

या शस्त्रक्रियेत गुडघ्याला हात लावत नाहीत. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाला आतल्या बाजूनं तिरका काप देतात. काप पलीकडे आरपार नेत नाहीत. बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर हाड शाबूत ठेवतात, ते बिजागरीसारखं काम करतं. मग काप हळूहळू उघडून पाय सरळ करतात आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून तो कोन पक्का करतात. भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूकडे जातो. गुडघा स्वतःचाच राहतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी 1965 साली यावर लिहिलेला लेख अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे. तेव्हा हाडाची पाचर काढून पाय सरळ करत, आता बहुतेक ठिकाणी पाचरीएवढी फट उघडतात.

मग इतक्या जुन्या गोष्टीत अडचण काय? अडचण मापाची. फट थोडी कमी उघडली तर भार आतच राहतो आणि दुखणं परत येतं. जास्त उघडली तर पाय उलट दिशेला झुकतो, गुडघे एकमेकांवर घासू लागतात आणि चांगला असलेला बाहेरचा भाग झिजतो. गुडघ्याची रुंदी आतल्या कडेपासून शंभर भाग धरली, तर ही रेषा पन्नास ते बासष्टच्या दरम्यान कुठेतरी यावी असं सर्जन धरतात. नेमकी कुठे, ते रुग्णाप्रमाणे ठरतं. त्यात भर म्हणजे हाडाचा वरचा पृष्ठभाग पुढून मागे थोडा उताराचा असतो. समोरून कोन बरोबर आला आणि हा उतार बिघडला, तरी गुडघा नीट वाकत नाही किंवा डळमळतो. आणि बिजागरीच तुटली तर हाड जुळायला वेळ लागतो. हे सगळं सर्जन आडव्या झोपलेल्या माणसावर, एक्स-रेच्या सपाट चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहत, तारा आणि सळ्या लावून साधत आले आहेत. अनुभवी हात ते उत्तम साधतातही. पण हाड हे चित्रासारखं सपाट नसतं.

इथे थ्री-डी प्रिंटिंग येतं. दुसऱ्या सर्जननी, पुण्यातल्या, आक्काचा आधी उभ्यानं पूर्ण पायाचा एक्स-रे काढला. मग खुबा, गुडघा आणि घोटा यांचा सीटी स्कॅन. कॉम्प्युटरवर तिच्या पायाची हाडं जशीच्या तशी उभी केली आणि ऑपरेशन आधी तिथे करून पाहिलं. काप कुठून घ्यायचा, किती खोल, किती अंश उघडायचा, स्क्रू कुठे आणि किती लांबीचे. आक्काच्या बाबतीत नऊ अंशांच्या आसपास आलं, म्हणजे आतल्या कडेला सुमारे दहा मिलिमीटरची फट. पुढच्या भेटीला त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक म्हणजे आक्काच्या नडगीच्या वरच्या टोकाची हुबेहूब प्रतिकृती. दुसरी पांढऱ्या नायलॉनची, तळहातात मावेल एवढी, भोकं आणि एक खाच असलेली.

त्यांनी ती छोटी वस्तू आक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, ही प्रतिकृतीवर बसवून बघा." आक्कानं इकडे लावली, हलली. तिकडे लावली, हलली. मग एका जागी टच्चकन बसली, हलेना. "तुमच्या हाडावर ही एकाच जागी बसते," डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हाडावर नाही."

आक्का चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. ती बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, माझ्या हाडाचा फर्मा काढलाय म्हण की!"

याहून चांगलं मला सांगता येणार नाही. आपण कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर कटिंग काढतो, दुसरीच्या मापाचा ब्लाउज आपल्याला चालत नाही, तसंच हे. फर्म्याची खाच करवतीला सांगते की काप इथूनच आणि याच कोनात. भोकं सांगतात की स्क्रूसाठी ड्रिल इथेच. ती भोकं काप उघडण्याआधीच पाडलेली असतात, आणि त्यांच्या जागा अशा ठरवलेल्या असतात की ठरलेला कोन उघडला की ती धातूच्या पट्टीच्या भोकांशी बरोबर जुळतात. म्हणजे जुळणी हीच कोनाची खात्री. फर्मा काम झालं की काढून टाकतात, तो शरीरात राहत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, आक्काच्या पायात प्लास्टिक नाही आणि छापलेलं हाडही नाही. तिचंच हाड आहे आणि टायटॅनियमची पट्टी.

छापणं म्हणजे काय तेही सांगते, कारण मलाही आधी कागदावरची छपाईच डोळ्यापुढे आली होती. अमेरिकेतल्या चक हल यांना 1986 मध्ये या तंत्राच्या एका प्रकाराचं पेटंट मिळालं. तत्त्व असं की वस्तू एकावर एक पातळ थर देत उभी करायची. ऑपरेशनमध्ये वापरायचा फर्मा साधारणपणे नायलॉनची भुकटी लेझरनं थरा-थरानं वितळवून बनवतात, कारण तो वाफेच्या उष्णतेत निर्जंतुक करता येतो. बाजारात खेळणी छापायला जे मक्यापासून बनणारं स्वस्त प्लास्टिक मिळतं, ते साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. त्याची प्रतिकृती टेबलावर ठेवून समजून घ्यायला ठीक, जखमेत न्यायला नाही. "आमच्याकडेही थ्री-डी आहे" असं कुणी म्हणालं तर काय छापता, कशाचं छापता आणि कोण तपासतं, हे विचारायला लाजू नका.

जगात याच्या पुढचं कामही चालू आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी फर्म्याबरोबर धातूची पट्टीसुद्धा रुग्णाच्या हाडाच्या आकाराची छापायची पद्धत तयार केली. त्यांची पद्धत आधी इटलीत बोलोन्याच्या रिझोली संस्थेत पंचवीस रुग्णांवर वापरली गेली आणि 2021 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकानं तिथल्या चाचणीला परवानगी दिली. तयार मापाची पट्टी कातडीखाली टोचते अशी तक्रार पुष्कळ रुग्ण करतात, विशेषतः बारीक अंगाच्या बायका. आक्कालाही पट्टी लागते, थंडीत जास्त. हाड पक्कं जुळल्यावर ती काढता येते, त्यासाठी आणखी एक छोटं ऑपरेशन लागतं. मापाची पट्टी आली तर हा त्रास कमी होईल अशी आशा आहे.

आता माझं मत.

हे तंत्र चांगलं आहे, पण ते पाहून हुरळून जाऊ नका. फर्म्यामुळे ठरवलेला कोन नेमका साधायला मदत होते, ऑपरेशनमध्ये एक्स-रे कमी लागतात, असं अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. पण दहा-पंधरा वर्षांनी असा गुडघा साध्या पद्धतीनं केलेल्या गुडघ्यापेक्षा जास्त टिकतो, हे ठामपणे सिद्ध व्हायचं आहे. खर्च वाढतो. सीटी स्कॅनचा जादा किरणोत्सर्ग होतो. फर्मा हाडावर नीट बसला नाही तर तो चुकीच्या जागी काप दाखवेल, आणि ते ओळखायला अनुभवी सर्जनच लागतो. म्हणून मी दवाखाना निवडताना पहिला प्रश्न "प्रिंटर आहे का" असा विचारणार नाही. "हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता, आणि माझा गुडघा त्याला योग्य आहे का" असा विचारेन.

सगळ्यांचा गुडघा योग्य नसतो. झीज एकाच बाजूला हवी. गुडघा बऱ्यापैकी वाकता हवा, अस्थिबंध शाबूत हवेत. संधिवाताच्या आमवातासारख्या आजारात सगळाच सांधा सुजतो, तिथे हे करत नाहीत. वय साठीच्या आत असलेलं बरं, जरी काटेकोर रेषा नसली तरी. तंबाखू, मशेरी यांनी हाड जुळायला उशीर होतो, तेव्हा घरात कुणाला सवय असेल तर आधी ती सुटली पाहिजे. संपूर्ण सांधा झिजला असेल तर गुडघा बदलणंच योग्य, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण याचाच अर्थ असा की हा मार्ग वेळेवर जाणारीसाठी आहे. आणि आपण वेळेवर जात नाही. चातुर्मास होऊ दे, दशलक्षण होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे, सुनेचं बाळंतपण होऊ दे. तोपर्यंत बाहेरची चांगली बाजूही झिजते आणि दार बंद होतं. आईचं तेच झालं. "कर्माचा उदय" हे शब्द तिनं श्रद्धेनं म्हटले, पण मला वाटतं त्यामागे कुणाला त्रास नको हीसुद्धा इच्छा होती. उदय आलेलं समतेनं सहन करावं हे खरंच. पण पुरुषार्थ करू नये असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पाणी आपण गाळूनच पितो ना? पाऊल टाकण्याआधी खाली बघतो ना? कृती करण्याआधी नीट पाहणं, यालाच आपण यत्नाचार म्हणतो. कापण्याआधी इतकं मोजणारे डॉक्टर पाहून मला तोच शब्द आठवला. मग आपण आपल्या शरीराबाबत का बघत नाही?

आता त्या काकूंच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न योग्यच होता आणि आम्ही तो पहिल्याच भेटीत विचारला होता. उघडलेल्या फटीत काय भरतात? कधी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा, कधी हाडपेढीतलं दात्याचं मानवी हाड, कधी कॅल्शियम फॉस्फेटसारखा कृत्रिम पदार्थ. काही तयार भरावांत मात्र गाईगुरांच्या हाडापासून किंवा कोलॅजनपासून केलेला भाग असतो. फट लहान असेल तर पुष्कळदा काहीच न भरता सोडतात, हाड स्वतःच ती भरून काढतं. आक्काच्या वेळी रिकामीच ठेवली. टाके विरघळणारे असतील तर कृत्रिम धाग्याचे मागता येतात. कॅटगट आतड्यापासून बनतो. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ती हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून काढलेली असतात. अनेक रुग्णांना त्याऐवजी गोळ्या चालतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, तेव्हा गोळी मिळते का विचारा.

हे सगळं ऑपरेशनच्या आदल्या रात्री स्ट्रेचरवरून विचारू नका, पहिल्या भेटीत कागदावर लिहून न्या. आमचे डॉक्टर चिडले नाहीत. उलट म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं झालं, आता सोय करता येईल." आणि एक स्पष्ट सांगते. जिवावर बेतलं आणि दुसरा उपाय नसेल, तर डॉक्टर देतील ते घ्यावं आणि नंतर गुरूंपाशी प्रायश्चित्त मागावं, असं माझं मत आहे.

शेवटची गोष्ट घराची. कॉम्प्युटरनं आक्काचा कोन अचूक सांगितला, पण सहा आठवडे घर कोण चालवणार हे सांगितलं नाही. इतके दिवस वॉकर आणि कुबड्या होत्या, पायावर पूर्ण भार नव्हता. रोजचा व्यायाम दुखला तरी चुकवायचा नव्हता. आम्ही एका रविवारी सगळे बसलो आणि वहीत लिहून काढलं. पलंग उंच करायचा. मोरीत रबरी चटई, भिंतीला दांडा. कमोडची खुर्ची. सूर्यास्ताआधीचं जेवण कोण करणार, तिच्या औषधांच्या वेळा त्यात कशा बसवायच्या. दाजींनी सकाळी पाणी गाळून भरायचं कबूल केलं, आणि भाचा भाकरी करायला शिकला. पहिल्या आठवड्यात भाकरीचा नकाशा व्हायचा, आक्का पलंगावरून ओरडायची, "पीठ मळ, पीठ मळ अजून!" चौथ्या आठवड्यात फुगायला लागली. गुडघ्याच्या ऑपरेशनचा हा फायदा कुठल्याच डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की बाईनं ऑपरेशन टाळण्याचं खरं कारण बरेचदा भीती नसतं, स्वयंपाकघर असतं. ते घरातल्यांनी आधी हातात घ्यावं. नऊ अंश मोजणारे डॉक्टर मिळतात, सहा आठवडे मोजून देणारं घर मिळालं पाहिजे.

आज ऑपरेशनला पंधरा महिने झाले. आक्का जिना बिनधास्त उतरते. खाली बसते, पण उठताना अजून हात टेकते. उकिडवं बसणं कमी केलंय, वजन चार किलो उतरवलंय. हा गुडघा जन्मभर पुरेल असं कुणी वचन दिलेलं नाही. अनेकांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त मिळतात, पुढे गरज पडली तर गुडघा बदलता येतो. येत्या थंडीत ती श्रवणबेळगोळला जाणार म्हणते. डॉक्टरांनी चढायला हो म्हटलंय, उतरताना काठी घ्यायला सांगितलंय.

तुमच्यापैकी जिचा गुडघा आतून दुखतो, जिचे पाय वाकायला लागलेत, तिनं या महिन्यात उभ्यानं पूर्ण पायाचा एक्स-रे काढून घ्यावा आणि डॉक्टरांना एकच विचारावं की झीज एका बाजूला आहे की दोन्ही. त्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.